उडत आलेला वणवा आणि माझा सज्जा

परत आल्यापासून पुण्यात जो भेटतो तो एकच विचारतो, "काय विनायकराव, तोरण्याची हवा मानवली का?" हवेचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. झालं ते सगळं हवेमुळे झालं, असं माझा मित्र बापू अजून लोकांना सांगत फिरतो. हवेला तोंड नाही, म्हणून त्याचं फावतं. मला तोंड आहे आणि राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो. ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांनी अवश्य जावं. मुलूख देखणा आहे आणि माणसं आपल्याहून शहाणी आहेत. त्यांना शहाणपण शिकवायला मात्र जाऊ नये. मी तेच करायला गेलो होतो.

माझी भवानी पेठेत लाकडाची वखार आहे आणि मागे सुतारकामाचा कारखाना. बापू माझा शाळेपासूनचा मित्र, भोरला वकिली करतो. वकिली चालायला लागल्यावर त्यानं वेल्ह्याच्या अलीकडे, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीच्या वरच्या अंगाला बंगली बांधली. महाबळेश्वरचे बंगले पाहून आला होता, त्यामुळे उतारावर पुढे काढलेला लाकडी सज्जा त्याला हवाच होता. तो मी करून दिला. सागाच्या फळ्या, खाली ऐनाचे खांब, पावसाचं पाणी निथळावं म्हणून दोन फळ्यांमध्ये बारीक फट. माझ्या माणसांनी तिथे जाऊन तो उभा केला. मी स्वतः तो पाहिला नव्हता. या फाल्गुनात बापूनं होळीला बोलावलं आणि मी निघालो.

कापूरहोळ

लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून भोरची सर्व्हिस मोटार कोळशावर चालते. मागे पिंपाएवढी शेगडी बसवलेली, तिच्यात कोळसा धुमसत असतो आणि मोटार खोकत खोकत पुढे सरकते. कात्रजच्या चढावर आम्हाला दोनदा उतरून चालावं लागलं. भाडं बसायचं घेतात आणि चालवतात, हे मी ड्रायव्हरला ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा उतरवलं.

भोरचा रस्ता फुटतो त्या कापूरहोळच्या नाक्यावर मोटार थांबली. ड्रायव्हर शेगडीचं दार उघडून सळईनं निखारे खालीवर करू लागला. मी चांगला दहा-बारा पावलांवर चहा पीत उभा होतो. वाऱ्याची झुळूक आली, एक ठिणगी तरंगत आली आणि माझ्या नव्या धोतराच्या निऱ्यांत शिरली. कळलं तेव्हा रुपयाएवढं भोक पडलेलं होतं. मी ड्रायव्हरला नाही नाही ते बोललो.

तो शांतपणे म्हणाला, "राव, धोतर झटकून बगायचं व्हतं. इस्तू घडीत बसला म्हंजी त्यो इजत न्हाई, खात बसतो."

ठिणगीला हे लोक इस्तू म्हणतात. एका साध्या ड्रायव्हरनं मला कापूरहोळच्या नाक्यावर सगळं सांगून टाकलं होतं. मी धोतराचं भोक आत खोचलं आणि भोरपर्यंत त्याच्याशी बोललो नाही.

भोर

बापूच्या घरी आंबेमोहोराचा भात, वर मेतकूट आणि तूप. त्या भाताचा वास ओसरीपर्यंत येत होता. पुण्याला आम्ही आंबेमोहोर म्हणून जे खातो ते काय असतं, हे वाण्यालाच ठाऊक. मी तीनदा भात घेतला आणि मोटारीचा राग बराचसा गिळला.

बापूचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. "विन्या, तुझा सज्जा पाहशील तर परत जायचं नाव काढणार नाहीस. संक्रांतीपासून मी गेलो नाही. होळीनंतर मोठमोठे पाहुणे बोलावलेत. सगळं कसं लखलखीत पाहिजे."

"लखलखीत करून देतो," मी म्हणालो. जवसाच्या तेलाचा डबा मी पुण्याहून बरोबर आणलाच होता.

वाडी

नसरापूरपर्यंत मोटारीनं मागे येऊन पुढे दमणीतून निघालो. दमणी म्हणजे हलकी बैलगाडी. हाडं किती आहेत ते तीत मोजता येतं. पण दोन्ही बाजूंना पांगारा आणि पळस असे फुललेले होते, की मला तक्रार सुचेना. डोंगरांवर गवत पार वाळून पिवळं पडलेलं. वाडी आली, बंगली दिसली, आणि सज्जा पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझ्या सागावर शेणमाती थापलेली होती. फळ्यांवर, फटींत, कठड्यावर, खांबांना, बोटभर जाडीचा थर. लाकडाची एक रेघ दिसेल तर शपथ.

बंगलीची राखण करणारा कोंडिबा समोर उभा होता. पन्नाशीचा, काटक, हळू बोलणारा माणूस. बंगलीच्या खाली शंभर पावलांवर त्याचं गवतानं शाकारलेलं घर. तिथे तो, त्याची बायको सोनाबाई, दोन बैल आणि एक म्हैस.

"हे कुणी केलं?" मी ओरडलो.

"आमीच जी. फाल्गुन लागला की समदं लाकूड लिंपतो. आमच्या घराचंबी केलंय, वकीलसायबांचंबी केलं."

"अरे, हा साग आहे! सारवायला ही काय जमीन आहे?"

"साग हाय म्हनून तर जी. वणव्याचा इस्तू पडतो. मातीव पडला तर मरतो. फळीच्या फटीत पडला तर ऱ्हातो."

मी समोर बोट केलं. "डोंगर कुठे, बंगली कुठे! मध्ये ओढा आहे, शेतं आहेत. वणवा इथवर चालत येणार आहे का?"

"वणवा चालत न्हाई येत जी," कोंडिबा म्हणाला, "उडत येतो."

बापू पोट धरून हसला. मीही हसलो, हे लपवत नाही.

या लोकांची रीत पुढच्या दोन दिवसांत पाहिली. आपण पुण्यात जमीन सारवतो आणि लाकडाला चकाकी आणतो. इथे फाल्गुनात चौकट, उंबरा, वाशांची टोकं, उघडं असेल ते सगळं लाकूड सारवतात. पावसाळ्यात ते आपोआप धुऊन जातं. घराभोवतीचं गवत स्वतःच आधी जाळून चार-पाच हात रुंदीचा काळा पट्टा करतात, म्हणजे वणव्याला खायला काही उरत नाही. कोंडिबानं उरलेला पट्टा माझ्यासमोर जाळला. तो हातात ओल्या डहाळ्या घेऊन वाकलेला, सोनाबाई हंडा घेऊन मागे. हातभर गवत पेटवायचं, झोडपून विझवायचं, पुढे सरकायचं. स्वयंपाक करावा तशा सरावानं दोघं ते काम करत होती. बंगलीभोवतीही पट्टा काढतो म्हणाला, तर बापू खेकसला, "काळं दिसतं. पाहुण्यांना काय मसण दाखवायचंय?"

सज्ज्यावरची माती मी खरवडायला लावली. ओढ्याकाठची पांढरी माती सोनाबाईनं डोक्यावरून वाहून आणली होती. ती कोंडिबानं माझ्या हुकमावरून खुरप्यानं काढली. सोनाबाई खालून बघत होती. फटींतली माती मी स्वतः पटाशीनं उकरली, कारण ते नाजूक काम त्या माणसाला जमणार नाही असं मला वाटलं. मग जवसाचं तेल पाजलं, दोन हात. साग मधासारखा उजळला. बापूनं मला मिठी मारली.

अंगणात सरपणाचा ढीग होता. तो पाहुण्यांना दिसू नये म्हणून बापूनं सज्ज्याखाली रचायला लावला. तिथे आधीच पाचोळा साठलेला होता.

"खालचं सरपान तरी हलवू द्या जी," कोंडिबा मला म्हणाला. बापूला सांगून उपयोग नाही हे त्यानं ओळखलं असावं.

"पाहुणे गेले की हलव," मी म्हणालो.

धुळवड

होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सज्ज्यावर आरामखुर्च्या टाकून बसलो होतो. पोटात आदल्या दिवशीच्या शिळ्या पुरणपोळ्या, दुधात कुस्करून खाल्लेल्या. पश्चिमेच्या डोंगरावर सकाळपासून वणवा लागला होता. कुणी लावला, कसा लागला, देव जाणे. धुराची पट्टी आणि खाली तांबडी कड. बापूला ते दृश्य आवडलं. पाहुणे येईपर्यंत टिकलं पाहिजे, असंही तो म्हणाला.

तीनच्या सुमाराला वारा सुटला. आधी काजळीचे कपटे आले, मग जळक्या गवताच्या काड्या, मग करंगळीएवढे सालीचे तुकडे, त्यांच्या कडा लाल. आम्ही उठून ते पायानं चिरडू लागलो. जणू खेळच. दिसले तेवढे चिरडले. फटींत गेले ते दिसले नाहीत. फटी मीच साफ करून ठेवल्या होत्या.

मला वास आला तो तेलाचा. वाकून पाहिलं तर फळ्यांच्या खालून धूर येत होता. पाचोळा पेटला होता, त्याच्यावर सरपण, त्याच्यावर माझा साग. बादली आणेपर्यंत कठडा पेटला.

कोंडिबा खालून धावत आला. आपल्या घरासाठी तोडून ठेवलेल्या ओल्या डहाळ्या आणि भरून ठेवलेले दोन्ही हंडे घेऊन आला. वाडीतले गडी धुळवडीसाठी खालच्या गावात गेलेले. हाताशी आम्ही तिघं, आणि त्यातला बापू कागदांची पेटी काढायला आत पळालेला. सज्जा वाचणार नव्हता. तो बंगलीपासून तोडला तरच बंगली वाचणार होती, आणि कुठली खुंटी उडवली की तो सुटेल हे मलाच माहीत होतं. मी खुंट्यांवर घाव घालत होतो, कोंडिबा माझ्या अंगावर आणि भिंतीवर पाणी मारत होता. पेटलेल्या फळ्यांचे ढलपे वाऱ्यावर उताराकडे उडत होते. डोंगरावरून आले त्यांच्याहून चांगले मोठे.

कोंडिबा मध्येच थांबला. "हाक आली का जी?"

"काही नाही. पाणी मार," मी म्हणालो.

शेवटची खुंटी निघाली, सज्जा कडाडून खाली कोसळला आणि बंगली वाचली. मग आम्ही वळून पाहिलं. कोंडिबाचं घर पेटलं होतं. नुसता छपराचा जाळ नव्हे, आढं खाली आलं होतं. सोनाबाईनं गुरांचे दोर तोडले होते, हात भाजून घेतले होते, आणि ती पट्ट्याच्या बाहेर मातीत बसली होती. बियाणं, कपडे, भांडी, सगळं गेलं.

गडी धावत आले तेव्हा सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. कोंडिबा त्यांच्यादेखत बापूला एवढंच म्हणाला, "म्या सांगत व्हतो सायेब."

ते बापूला झोंबलं. माणसाला आगीनं नाही भाजत एवढं चारचौघांत खरं ऐकून भाजतं. तासाभरात त्यानं तक्रार लिहून काढली: राखणदार कोंडिबा यानं बंगलीच्या हद्दीत गवत जाळलं, त्यातून आग लागली. खाली माझी साक्ष, एकाच ओळीची: कोंडिबास घराभोवती गवत पेटवताना मी प्रत्यक्ष पाहिले. "यात खोटं काय आहे?" बापूनं विचारलं. शब्दानं काहीच खोटं नव्हतं. धुरानं डोळे चुरचुरत होते, सज्जा गेल्याचं दुःख होतं, कुणावर तरी राग काढायचा होता. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्ह्याहून शिपाई आले आणि कोंडिबाला घेऊन गेले. तो माझ्याकडे बघत होता. मी तेलाचा रिकामा डबा कुठे ठेवावा याचा विचार करत असल्यासारखं केलं.

ते गेल्यावर मी खाली उतरलो. डोंगरावरचा वणवा रात्री ओढ्याच्या वरच्या अंगानं आला होता. कोंडिबाच्या काळ्या पट्ट्यापर्यंत येऊन तो मेला होता. पट्ट्याच्या आतलं अंगणातलं गवत हिरवटपिवळं तसंच उभं, आणि मधोमध घराची राख. चौकटीचा एक खांब उरला होता. त्याच्यावरची शेणमाती भाजून वीट झालेली, आतलं लाकूड शाबूत. पट्ट्यानं आपलं काम केलं होतं, मातीनं केलं होतं. घर वरून पेटलं होतं, आणि राखेत माझ्या सागाचे कोळसे पडलेले मला ओळखू आले. स्वतःचं लाकूड मी कोळशावरूनही ओळखतो.

मी तडक वर गेलो. "बापू, तक्रार मागे घे."

"आणि आग कुणी लावली म्हणून सांगू? कुणाचा तरी दोष असल्याशिवाय सज्जे जळतात का?"

"दोष आहेच. माती मी काढली, सरपण तू रचलंस. त्या माणसानं स्वतःचं पाणी तुझ्या भिंतीवर ओतलं रे!"

"तुझी सही आहे," बापू वकिलासारखा म्हणाला. "मागे घेशील तर तूच खोटा पडशील."

चाळीस वर्षांच्या मैत्रीत मी बापूवर कधी हात उचलला नव्हता. त्या दिवशीही उचलला नाही, याचा मला अजून पश्चात्ताप होतो. पिशवी उचलली आणि चालू लागलो.

वेल्हे

वेल्हे म्हणजे कचेरी, पाच-सहा दुकानं आणि डोक्यावर एवढा मोठा तोरणा, की बाजारातल्या माणसांना मान वर करून बघायची सवयच राहिलेली नाही. एरवी मी इथल्या माळव्याचं, म्हणजे भाजीपाल्याचं, वर्णन केलं असतं. कचेरीसमोर चिंचेखाली सोनाबाई बसली होती. दोन्ही हातांना कोरफडीचा गर लावून फडकी बांधलेली. ती सकाळपासून तिथेच आहे, असं समोरच्या दुकानदारानं सांगितलं. त्याच्याच घरची भाकरी तिच्यापुढे ठेवलेली होती, तिनं ती मोडली नव्हती.

फौजदार वयस्क, समजूतदार गृहस्थ. मी म्हणालो, "माझी साक्ष अर्धी आहे, उरलेली लिहून घ्या." कोंडिबाचा पट्टा आगीच्या चार दिवस आधीच जाळून झाला होता, हे सांगितलं. आग डोंगरावरून उडून आली, हे सांगितलं. माती कुणी खरवडली, तेल कुणी पाजलं, फटी कुणी उकरल्या, सरपण कुणाच्या हुकमानं खाली गेलं, सगळं सांगितलं.

त्यांनी टाक थांबवला. "म्हणजे दोष तुमचा, असं लिहू?"

"वणवा कुणी लावला ते मला माहीत नाही. सज्जा पेटण्याजोगा मी केला. तसं लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं आणि दुपारनंतर कोंडिबाला सोडलं. बाहेर आल्यावर तो आधी बायकोचे हात बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मीच घाईनं म्हणालो, "कोंडिबा, घरासाठी लागेल तेवढं लाकूड मी पुण्याहून धाडतो. आढं, वासे, चौकट, सगळं. माझी माणसं येऊन उभं करून देतील."

तो म्हणाला, "धाडा जी. पर त्याल लावू नगा."

मला हायसं वाटलं. इतकं, की मी जवळजवळ हसलो. आपण खरं बोललो, माणूस सुटला, लाकूड कबूल झालं. पुण्याला जाताना मोटारीत झोपसुद्धा लागेल.

तेवढ्यात सोनाबाई बोलली. आठवडाभरात माझ्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

"राव, मानूस सोडवलंत, बरं केलंत. येक इचारू?"

"विचारा बाई."

"माझा मानूस वर तुमचं घर इजवत व्हता, तवा म्या खालनं हाका मारत व्हते. छपराला नुसती चूड लागली व्हती तवाधरनं. येक हंडा पानी आलं असतं तर इजलं असतं. ह्यो म्हनतो, त्याला नीट आयकू आल्या न्हाईत. तुमाला आल्या व्हत्या का?"

फौजदारांनी हे विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं. सोनाबाई माझ्याकडे बघत होती. कोंडिबाही बघत होता, पण तो माझ्या तोंडाकडे नव्हे, माझ्या हातांकडे.

"आल्या होत्या," मी म्हणालो. "तीन हाका. मला ऐकू आल्या होत्या."

सोनाबाई उठली. भाजलेल्या हातांनी तिला पदर सावरता येईना. कोंडिबानं तो सावरून दिला.

"मग तुमचं लाकूड नगं आमाला," ती म्हणाली, आणि दोघं वाडीच्या वाटेला लागली.